नानजिंगमधला नाताळ

चीनमध्ये शिकवायला जाणाऱ्या परदेशी माणसाच्या करारात एक कलम असतं. चीनच्या धर्मविषयक धोरणाचा मान राखावा आणि शिक्षक म्हणून आपल्या स्थानाशी विसंगत असं कोणतंही धार्मिक कार्य करू नये, असं त्यात म्हटलेलं असतं. नानजिंगमधल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेले तेव्हा मीही त्याखाली सही केली. मी वसईची, जन्मानं आणि श्रद्धेनं कॅथलिक. ते कलम मला तेव्हा रास्त वाटलं आणि बऱ्याच अंशी आजही वाटतं. ज्याच्या हातात विद्यार्थ्यांचे गुण आहेत त्यानं वर्गात धर्मप्रसार करू नये. पण डिसेंबर उजाडला आणि विभागातून निरोप आला, की परदेशी शिक्षिका म्हणून मी ख्रिसमसवर एक तास घ्यावा. गाणी शिकवावीत, जमलं तर सांताक्लॉजची लाल टोपी घालावी. म्हणजे सण शिकवायचा, धर्म शिकवायचा नाही. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची आणि ती ओढण्याचा अधिकार कोणाला, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

हाँगकाँग आणि मकावमध्ये 25 डिसेंबरला सुट्टी असते. चीनच्या मुख्य भूमीवर तो कामाचा दिवस. विद्यापीठात तर सत्रपरीक्षा तोंडावर आलेल्या असतात. तरी नानजिंगमधल्या शिन्जिएकोऊच्या बाजारपेठेत दुकानांच्या दाराशी झाडं उभी राहतात, काचेवर सॅक्सोफोन वाजवणारा सांताक्लॉज चिकटवलेला दिसतो आणि 24 तारखेच्या संध्याकाळी फळवाले एकेक सफरचंद रंगीत कागदात गुंडाळून, फीत बांधून विकतात. चिनी भाषेत सफरचंद आणि शांती यांचे उच्चार जुळतात, तेवढ्यावरून ही प्रथा पडली. मुलं ती सफरचंदं एकमेकांना देतात, शिक्षकांना देतात, वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या मावशींना देतात. बेथलेहेमशी या फळाचा काही संबंध नाही, हे त्यांना सांगावं असं मला कधी वाटलं नाही.

याला पोकळ सण म्हणणारे पुष्कळ आहेत. श्रद्धा नाही, कथा ठाऊक नाही, नुसती खरेदी, असं माझे वसईतले नातेवाईकही फोनवर म्हणाले. मला ते पटत नाही. चीनच्या पंचांगातले मोठे सण घरच्या कर्तव्यांनी बांधलेले आहेत. वसंतोत्सवाला कितीही दूर असलात तरी घरी जायचं, छिंगमिंगला पूर्वजांची थडगी झाडायची, शरदातल्या पौर्णिमेला कुटुंबानं एकत्र बसायचं. दक्षिणायन संपतं त्या दिवशी, म्हणजे नाताळाच्या तीन-चार दिवस आधी, उत्तरेत सारण भरलेले च्याओझ खातात आणि दक्षिणेत तांदळाच्या पिठाचे गोळे, थांगयुआन, तेही घरच्यांबरोबर. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं आईबापांची एकुलती. वसतिगृहात सहा-सहा जणी एका खोलीत राहायच्या. यांगत्सेच्या खोऱ्यात हिवाळा ओला आणि बोचरा असतो, आणि उत्तर चीनसारखी सरकारी उष्णताव्यवस्था तिथल्या इमारतींत नसते, म्हणून वर्गातही सगळे जाड कोट घालून बसायचे. खोलीतल्या मैत्रिणी हीच त्यांची रोजची माणसं आणि त्या माणसांसाठी परंपरेत एकही सण नव्हता. वडीलधारे नाहीत, विधी नाहीत, कोणाचा मान राखायचा नाही, अशी एक संध्याकाळ त्यांनी परक्या पंचांगातून उचलली आणि मैत्रीला दिली. याला मी पोकळ म्हणणार नाही.

ख्रिसमसच्या त्या तासाला एका मुलीनं विचारलं, “लाओशी,” म्हणजे बाई, “तुम्ही भारतीय. मग हा सण तुमचा कसा?” तिला टोमणा मारायचा नव्हता. तिच्या पुस्तकात ख्रिसमस पाश्चात्त्य होता आणि मी पश्चिमेची नव्हते. मी फळ्यावर एक साल लिहिलं, 635. शिआनच्या शिलालेख संग्रहालयात 781 सालची एक शिळा आहे. अलोपेन नावाचा धर्मगुरू 635 साली तांग सम्राटाच्या राजधानीत आला आणि त्याचं स्वागत झालं, असं तिच्यावर चिनी अक्षरांत कोरलेलं आहे. त्याच 635 मध्ये एडन हा आयरिश परंपरेतला साधू इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिस्फार्नला पोचला आणि तिथल्या राज्यात धर्मप्रसार नव्यानं सुरू झाला. ख्रिसमसची झाडं ज्या जर्मन आणि उत्तरेकडच्या मुलखाची म्हणून आपण ओळखतो, त्यातला मोठा भाग तेव्हा ख्रिस्ती झालेलाही नव्हता. वर्गात कुजबुज झाली. आपल्याच देशातला हा दगड बहुतेकांना नवा होता.

माझ्या मनातली गोष्ट मात्र गोव्यापासून सुरू होते. मात्तेओ रिची हा इटालियन जेझुइट 1578 साली गोव्यात उतरला आणि चीनला जाण्याआधीची जवळपास चार वर्षं त्यानं गोवा-कोचीन पट्ट्यात काढली. पुढच्याच वर्षी थॉमस स्टीफन्स गोव्यात आला. स्टीफन्स तिथेच राहिला आणि त्यानं मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. रिचीनं चीनमध्ये कन्फ्यूशियन पंडिताचा पोशाख चढवला, चिनी भाषेत ग्रंथ लिहिले, 1599 मध्ये नानजिंगला बस्तान मांडलं आणि 1601 मध्ये बीजिंग गाठलं. एकानं पुराणाची चाल घेतली, दुसऱ्यानं पंडिताची झूल. दोघांनी एकच जाणलं होतं, की घरात शिरायचं तर त्या घरच्या रीतीनं शिरावं लागतं.

रिचीपुढे प्रश्न उभा राहिला तो आजच्याच प्रश्नाची उलटी बाजू आहे. चिनी ख्रिस्ती माणसानं पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावावी का? कन्फ्यूशियसला वंदन करावं का? हा सामाजिक शिष्टाचार आहे, उपासना नव्हे, असं रिचीचं मत. त्याच्यामागून आलेल्या डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन मंडळींना ती मूर्तिपूजा वाटली. वाद शतकभर चालला. सम्राट कांगशीनं 1692 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती आणि पुढे, रिचीची रीत पाळणाऱ्या मिशनऱ्यांनीच देशात राहावं, असं बजावलंही होतं. रोमनं ऐकलं नाही. 1715 मध्ये पोपनं या विधींवर ठाम बंदी घातली. कांगशी संतापला आणि त्याच्या वारसानं 1724 मध्ये ख्रिस्ती धर्मच निषिद्ध केला. रोमनं ही बंदी उठवली ती 1939 च्या डिसेंबरात. मधल्या दोन शतकांत किती चिनी कुटुंबांना बापाचं श्राद्ध आणि चर्च यांतून एक निवडावं लागलं असेल, हे मनात येतं तेव्हा मला माझ्याच चर्चचा राग येतो. युरोपात बसून रोमनं परक्या घरातल्या उदबत्तीचा अर्थ ठरवला.

आता रेघ ओढणारा हात दुसरा आहे. 2006 च्या डिसेंबरात चीनमधल्या नामवंत विद्यापीठांतल्या दहा पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी जाहीर पत्र काढून ख्रिसमसपासून सावध राहण्याचं आवाहन केलं. पारंपरिक सणांना बळ देण्यासाठी 2008 पासून छिंगमिंग, ड्रॅगन नौकोत्सव आणि शरद पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी मिळू लागली, आणि ते चांगलंच झालं. पण 2014 मध्ये शिआनच्या एका महाविद्यालयानं पाश्चात्त्य सणांविरुद्ध फलक लावले आणि नाताळच्या संध्याकाळी मुलांना बोधपट बघायला बसवलं. 2018 मध्ये हपेई प्रांतातल्या लांगफांग शहरात दुकानांसमोरची झाडं आणि सजावट उतरवण्याचा हुकूम निघाला. त्या सुमारास माझ्या विभागातूनही ख्रिसमसच्या तासाचा निरोप येणं थांबलं. वर्गात परदेशी सण नकोत, एवढंच तोंडी सांगितलं गेलं. रोमला चिनी उदबत्तीत धर्म दिसला होता. इथल्या अधिकाऱ्यांना कागदात गुंडाळलेल्या सफरचंदात परकी सत्ता दिसली. आपल्याकडेही शाळेतल्या मुलांनी सांताची टोपी घालावी की नाही यावरून हल्ली भांडणं होतात, ती याच जातीची. माझ्या लहानपणी वसईत शेजारच्या घरून दिवाळीचा फराळ यायचा आणि नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे ताट जायचं. ती चकली पूजेची की खाण्याची, हे कोणी विचारलं नाही. ताट नेणाऱ्या दोन्ही घरांना आपापला देव नीट ठाऊक होता, म्हणूनच विचारण्याची गरज पडली नसावी.

नानजिंगचा डिसेंबर या सगळ्यापेक्षा जड असतो. 13 डिसेंबर 1937 रोजी हे शहर जपानी सैन्याच्या हाती पडलं आणि पुढचे काही आठवडे तिथे कत्तल आणि बलात्कार चालू होते. 2014 पासून 13 डिसेंबर हा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. सकाळी दहाला भोंगे वाजतात, रस्त्यातली वाहनं थांबतात. त्यानंतर बाराव्या दिवशी नाताळ. त्या शहरात परदेशी शिक्षिका म्हणून राहायचं तर मिनी व्हॉट्रिन हे नाव माहीत असावं लागतं. त्या अमेरिकन मिशनरी आणि जिनलिंग या महिला महाविद्यालयात शिक्षिका. सगळे सांगत असताना त्या शहर सोडून गेल्या नाहीत. अडीच-तीन हजार जणींची सोय होईल असं धरलेल्या त्या आवारात दहा हजारांच्या आसपास बायकामुलं आश्रयाला आली. 24 डिसेंबरला जपानी अधिकारी आत येऊन शंभर वेश्या मागू लागला. त्या दिवशी 21 जणी नेण्यात आल्या. ते ओझं व्हॉट्रिनबाईंच्या मनावरून उतरलं नाही. 1940 मध्ये त्या खचून मायदेशी परतल्या आणि 1941 च्या मे महिन्यात त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. आश्रयाला आलेल्या बायकांनी त्यांना जिवंत बोधिसत्त्व म्हटलं होतं. त्यांना संत म्हणायला या बायका ख्रिस्ती नव्हत्या. त्यांच्याजवळ जो सर्वांत मोठा शब्द होता तो त्यांनी दिला. जिनलिंगचं ते आवार आता नानजिंग नॉर्मल विद्यापीठाकडे आहे. वळणदार छपरांच्या त्या इमारतींजवळून जाताना मला वाटायचं, परदेशी शिक्षिका आणि चिनी माणसं यांच्यातला सर्वांत खरा नाताळ इथे झाला, आणि त्यात गाणी-टोपी काही नव्हतं.

एक गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. माझ्या वर्गातला ख्रिसमस इतकी वर्षं चालू दिला गेला, तो त्यातून येशू वजा केला होता म्हणून. ज्यांच्यासाठी हा जन्मोत्सव आहे त्या चिनी ख्रिश्चनांची गोष्ट वेगळी. चच्यांग प्रांतातलं यीवू हे शहर जगातल्या नाताळच्या सजावटीचा निम्म्याहून मोठा भाग तयार करतं. त्याच चच्यांगमध्ये 2014 ते 2016 या काळात हजाराहून अधिक चर्चांवरचे क्रूस सरकारनं उतरवले. नानजिंगच्या अमिती छापखान्यानं 2019 पर्यंत वीस कोटींहून अधिक बायबलं छापली, जगभर पाठवली. चीनमध्ये मात्र बायबल साध्या पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही, नोंदणीकृत चर्चमध्ये जाऊन घ्यावं लागतं. छंगतू शहरातले पाद्री वांग यी यांना 2018 च्या डिसेंबरात अटक झाली आणि पुढच्या वर्षी नाताळ उलटून पाचच दिवस झाले असताना नऊ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ही माणसं डोळ्यांसमोर असताना सफरचंदांच्या गोडव्यावर थांबणं मला शक्य नाही. विद्यार्थ्यांच्या सणाची बाजू मी घेते ती मनापासून, पण त्या सणाला मोकळीक आणि प्रार्थनेला पहारा, ही वाटणी मला मान्य नाही. तशी ती उलट्या दिशेनंही मान्य नाही. श्रद्धावंतांनी उठून विद्यार्थ्यांना ‘हा तुमचा सण नव्हे’ म्हणावं, हे मला तितकंच खटकतं.

ख्रिसमसचा तास बंद झाला त्या वर्षी विभागातल्या एका सहकारी बाईंनी मला 24 तारखेला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या आईनं नानजिंगचं प्रसिद्ध खारवलेलं बदक आणलं होतं. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळाला बदकाचं मोयल करतात, हे मी सांगितलं तेव्हा म्हातारीला फार आनंद झाला. मसाले कोणते, सिरका किती, सगळं तिनं मुलीकरवी विचारून घेतलं. सण तिचा नव्हता, पण सणाच्या दिवशी परगावची मुलगी एकटी जेवू नये, हा नियम तिचा होता.

जेवणानंतर बाईंनी विचारलं, “चर्चला जायचंय ना? मी येऊ?” शिगू रस्त्यावरचं कॅथलिक चर्च एकोणिसाव्या शतकातलं आहे. त्या रात्री तिथे उभं राहायला जागा नव्हती. निम्म्याहून अधिक तरुण मुलंमुली फक्त बघायला आलेली, आणि पॅरिशमधल्या वृद्ध बायका बाकांवरून सरकून त्यांना जागा करून देत होत्या. प्रवचन चिनीत होतं आणि माझी चिनी बाजारहाटापुरती. शेजारी उभ्या राहून बाई हलक्या आवाजात एकेक वाक्य मला इंग्रजीत सांगत राहिल्या. देव न मानणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून मी त्या वर्षीची ख्रिस्तजन्माची कथा ऐकली. बाहेर पडल्यावर प्रश्न विचारायची पाळी त्यांची होती. आधी राजवाड्यात न कळवता मेंढपाळांना का कळवलं? राजा हेरोद एका तान्ह्या मुलाला इतका का घाबरला? त्या कुटुंबाला पळून दुसऱ्या देशात जावं लागलं, मग तिथे त्यांना कोणी ठेवून घेतलं? शेवटच्या प्रश्नाबद्दल शुभवर्तमानात काही लिहिलेलं नाही, असं मी म्हटलं. “इजिप्तमधल्या कोणीतरी ठेवून घेतलंच असेल,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही मेट्रोच्या जिन्यानं खाली उतरलो.