हवेचे पाणी करणाऱ्यास

उभा राहा. काय लिहिलंयस ते वर्गाला मोठ्यानं वाचून दाखव. ‘हवा खूप दाबली की तिचे पाणी होते.’ आणि पुरावा? मसाटच्या यार्न कंपनीत काकानं कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला नि पाणी आलं. पाहिलंस ते बरं केलंस. पण येताना डोकं गेटवर जमा करून आलास का?

त्याच्या आधीच्या प्रश्नात तारप्याच्या सुराचं संपीडन-विरलन बिनचूक लिहिलंस. तिथं हवा दाट होते, विरळ होते आणि हवाच राहते. पान उलटलं की तिचं पाणी! एका पेपरात दोन हवा?

मागचे, हसणं बंद! हेच इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात मिलेटसचा ॲनाक्सिमिनीस सांगत होता. हवा विरळ झाली की अग्नी. दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, शेवटी दगड. त्याच्याकडे दाबमापक नव्हता, तरी तळहातावर फुंकून पाहिलं त्यानं. आवळलेल्या ओठांतून फुंकर गार लागली, उघड्या तोंडातून ऊन. म्हणून दाट ते गार, असं त्यानं ठरवलं. चुकला, पण तपासून चुकला. तुझ्याकडे सायकलचा पंप आहे. जोरात मारला की तो गार पडतो की तापतो? बोल ना!

1662 मध्ये बॉईलनं मांडलं: तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला, तर हवेचं आकारमान निम्मं. रेणू जवळ येतात, बदलत नाहीत. काकाच्या टाकीचा काटा सात बारवर असेल, तर बाहेरची साधारण आठ लीटर हवा एका लीटरात कोंबलेली असते. तिच्यातली वाफही सोबत कोंबली गेली. कॉम्प्रेसरमधून हवा तापून निघते तोवर ती वाफ टिकते; टाकीत निवली की मावत नाही. मग जादा वाफेचं पाणी तळाशी साचतं. म्हणून सिल्वासाच्या पावसाळ्यात टाकीतून पाणी जास्त निघतं, थंडीत कमी. हवेचंच पाणी होत असतं, तर एवढा फरक कशाला पडला असता?

आणि ते ‘द्रव हवा’ पुटपुटू नकोस. नायट्रोजन द्रव होतो उणे 196 अंशांना, आणि तोही नायट्रोजनच असतो.

शून्य गुण. सोमवारी हेच उत्तर पुन्हा लिहून आण, आणि त्यात ती वाफ आली कुठून, हे आधी सांग.