पाहुणा आणि भाड्याची खोली

नरडाणा एमआयडीसीत कामासाठी आलेले कितीतरी बंधू दोन-चार महिन्यांपुरती खोली भाड्याने घेतात. बोली तिघांची होते. मग सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने कामाच्या शोधात भाऊ येतो, त्याचा मित्र येतो आणि खोलीत सात जण राहू लागतात. मालकाने विचारले, तर आपण पाहुण्याचा सन्मान हा ईमानाचा भाग असल्याचे सांगतो.

तो निःसंशय आहे. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आदरातिथ्याची मुदत तीन दिवस सांगितली आणि यजमान अडचणीत येईल इतके राहण्यास पाहुण्याला मनाई केली. सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. भाड्याची खोली ही अमानत आहे. टाकीतले पाणी शेजाऱ्यांच्याही वाट्याचे आहे. दुसऱ्याच्या हक्कातून केलेले आदरातिथ्य हे औदार्य नव्हे.

म्हणून आधी मालकाला विचारा. किती जण, किती दिवस, ते खरे सांगा. जादा खर्च स्वतः द्या. आणि मालक बंधूंनो, लेकाला भेटायला आलेल्या आईला दारात अडवू नका. अल्लाह आपणांस दोघांचेही हक्क सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.