तृप्त संध्याकाळ

इन्स्टाग्रामवर फोटोखाली २,२०० अक्षरं लिहिता येतात. खोटं बोलायला एवढी जागा कशाला लागते कोण जाणे! माझं दोन शब्दांत भागलं. गॅलरीत बसलेल्या अण्णांचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'तृप्त संध्याकाळ'. दीडशे बदाम पडले! आता फोटोत खोटं काय होतं? खुर्ची खरी, संध्याकाळ खरी, अण्णा तर खरेच. त्यांच्या पायांतल्या चपलाही स्वच्छ दिसत होत्या; पण ओळ वाचल्यावर चपला कोण बघतो? चष्म्याचा नंबर काढायला मी नेणार, म्हणून ते चारपासून तयार बसले होते. आणि मी आत ओळ शोधत होतो.

रात्री त्यांना फोटो दाखवला. मोबाईल लांब धरून म्हणाले, "खाली काय लिहिलंयस रे?"

"काही नाही," मी म्हटलं, "तारीख आहे."