घामाला तप म्हणायचं का?

पहाटे महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या रस्त्यांच्या कडेने पोरं धावताना दिसतात. बहुतेक भरतीची तयारी करणारी. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, सैन्याच्या भरतीतही तेवढंच. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर पहिल्या महायुद्धापासून पिढ्यान् पिढ्या सैन्यात माणसं पाठवत आलेलं गाव. सैन्यात गेलेल्या एखाद्या पोराच्या हातात पुढे बॉक्सिंगचे ग्लोव्हजही येतात, कारण देशातले कितीतरी बॉक्सर सैन्याच्या संघांनी आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटने घडवले आहेत. तिथे गेल्यावर कळतं की पहाटेचं धावणं काही सुटलेलं नाही. बॉक्सरचा बराचसा सराव रस्त्यावरच होतो.

या सरावाला सगळेच सहज तपश्चर्या म्हणतात. प्रशिक्षक म्हणतात, आईवडील म्हणतात, सत्काराच्या भाषणात पाहुणेही म्हणतात. पण त्यात तप नेमकं कशात असतं? सोसलेल्या त्रासात? आणि ज्या तयारीच्या शेवटी दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारायचा आहे, तिला तप म्हणता येतं का?

आधी शरीर काय सांगतं ते पाहू. ऑलिंपिकमधली लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. एक ठोसा क्षणात संपतो, पण नऊ मिनिटं ठोसे मारत आणि चुकवत राहायचं तर बरीचशी शक्ती श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनवरच मिळवावी लागते. महिनोन् महिने संथ आणि लांब धावल्याने हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो, एका ठोक्याला जास्त रक्त पुढे जातं, स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात. मग त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत धाप लवकर बसते. यातलं बरंचसं काम सोबत्याशी बोलता येईल इतक्या आरामाच्या वेगात होतं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावपटूंचा पाया अशाच लांब पल्ल्यावर घातला, आणि त्यांच्या पीटर स्नेलने 1960 मध्ये रोमला 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं. बॉक्सरला याखेरीज तीन मिनिटं जोरात, एक मिनिट सावकाश असे तुकडेही धावावे लागतात. पण रोज जीव काढून धावणारा लवकर थकतो आणि दुखापत ओढवून घेतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत महाबळेश्वर गाठायचं म्हणजे सुमारे 40 किलोमीटर, आणि वरची उंची 1,350 मीटरच्या आसपास. घाटाचे पहिले काही वळसे चढणं हा छातीसाठी उत्तम सराव आहे, कारण चढावर पायांना दणका कमी आणि हृदयाला काम जास्त. उतारावर उलटं होतं. डांबरावर धावत उतरलं की मांड्या, गुडघे आणि नडग्या मार खातात, म्हणून जाणकार चढ धावतात आणि उतार चालतात. कोकणाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगही थंड होत नाही. बनियन निथळली म्हणजे सराव चांगला झाला असं नाही, फक्त शरीरातलं पाणी कमी झालं.

आता धर्मविचाराकडे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तप कशाला म्हणावं हे सांगितलं आहे. त्यात पूजन आहे, शुचिता आहे, सरळपणा आहे, ब्रह्मचर्य आहे आणि अहिंसा आहे. शरीराला क्लेश देणं त्यात कुठेच नाही. उलट दंभाने आणि अहंकाराने शरीर पिळणाऱ्यांना तिथे आसुरी म्हटलं आहे. हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं किंवा दुसऱ्याचा नाश करण्यासाठी केलेलं तप तामस ठरवलं आहे. बॉक्सरला हे शेवटचं कलम थेट लागू पडतं.

महाडमध्ये हा अध्याय वाचताना भान मात्र हवं. त्या यादीत द्विजपूजनही आहे. इथेच 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. ती यादी इथे अनेकांना जशीच्या तशी मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पण बाबासाहेबांनी पुढे स्वीकारलेल्या बुद्धाकडे वळलं तरी क्लेशाबद्दलचं उत्तर तेच मिळतं. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत एकेकाळी भिक्खू राहत होते. त्यांच्या विनयग्रंथात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंताघरचा, मऊ तळव्यांचा सोण चंक्रमण करत, म्हणजे येरझारा घालत, इतका चालला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढं करूनही मुक्ती मिळत नाही म्हणून तो घरी परतायच्या विचारात होता. बुद्धाने त्याला वीणेची आठवण करून दिली, कारण तो पूर्वी वीणा वाजवायचा: तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर स्वर लागतो का? मग त्याला एकपदरी वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, साऱ्या संघाला मिळणार असेल तरच मी घालीन. बुद्धाने ती साऱ्यांना दिली. रक्ताळलेल्या पायांचं कौतुक त्या कथेत कोणी करत नाही, हे प्रत्येक क्रीडा प्रशिक्षकाने वाचावं.

महाड तालुक्यातल्याच शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. समर्थांनी बलोपासनेला धर्मात मानाची जागा दिली, पण त्यांच्या मारुतीचं बळ रामाच्या कामासाठी आहे आणि बुद्धीला जोडलेलं आहे.

मग ठोशाचं काय? 13 नोव्हेंबर 1982 ला लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आणल्या. दमलेल्या बॉक्सरचे हात खाली येतात आणि डोकं उघडं पडतं. त्या अर्थी दम वाढवणारं धावणं स्वतःच्या जिवाची राखण आहे. पण तोच दम शेवटच्या फेरीतही समोरच्याला मारण्याचं बळ देतो. ही अडचण नियमांनी पूर्ण सुटत नाही आणि ती लपवूही नये. नेमाने, मोजून-मापून केलेल्या धावण्याला तप म्हणता येईल. मात्र समोरच्याला संपवायचं या ईर्ष्येने धावणाऱ्याचे किलोमीटर कितीही भरले तरी ते तामसच.

सगळ्यात वाईट धावणं वजन काट्यावर उतरवण्यासाठी होतं: अंगात प्लास्टिक, पोटात पाणी नाही, आणि घाम काढण्यासाठी पळापळ. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत असंच वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर महिन्याभराच्या अंतरात मेले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे रबरी सूट बंद झाले. महाड-पोलादपूरच्या प्रशिक्षकांना आणि पालकांना म्हणूनच विनंती आहे: पोराला प्लास्टिक घालून धावायला लावू नका, धावून आल्यावर पाणी द्या, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्या, आणि वजन बसत नसेल तर त्याला वरच्या वजनगटात खेळू द्या.