विश्वास आणि किल्ल्या

ज्या सेवकावर आपला पूर्ण विश्वास आहे, त्याच्या अधिकारास मर्यादा घालणे हा त्याचा अपमान होय काय? प्रश्न जुना आहे, आणि आमच्या गोंदियातील राइस मिलांच्या मालकांस तो चांगला परिचित आहे. दिवाणजीची वीस वर्षे नोकरी झाली म्हणजे गोदामाची किल्ली त्याजकडे जाते, पुढे तिजोरीची जाते, आणि एके दिवशी सगळा जुडगाच त्याच्या कमरेस लागतो. मालकास यात आपले औदार्य दिसते, दिवाणजीस आपला गौरव. त्या दिवाणजीस पाचच किल्ल्यांची गरज होती आणि आपण त्यास पंचवीस दिल्या, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मलाही तो कधी आला नव्हता. तो शिकविला एका निराळ्याच सेवकाने, जो मनुष्य नव्हता. संगणकात पडद्याआड राबणारे पुष्कळ सेवक असतात. एक टपाल पोचवितो, दुसरा छपाईची कामे ओळीने लावतो, तिसरा बाहेरून आलेल्या विनंतीस उत्तर देतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी अशा सेवकांस ‘डीमन’ हे नाव दिले. शास्त्रज्ञ मॅक्सवेल याने आपल्या विचारप्रयोगात रेणूंची निवड करणारा जो चिमुकला अदृश्य द्वारपाल कल्पिला होता, त्यावरून ते घेतलेले आहे. नाव सार्थ आहे. कारण हे सेवक दिसत नाहीत, थकत नाहीत, आणि सांगितलेल्या कामाची योग्यायोग्यता पाहत नाहीत.

या सेवकांस किल्ल्या देण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत मर्जीची. फाइल ज्याची असेल त्याने वाटेल त्यास ती उघडू द्यावी. आणि ‘रूट’ नावाचा जो सर्वाधिकारी, त्यास कोठेच आडकाठी नसावी. पुष्कळ सेवक या रूटच्याच नावाने वावरत. दुसरी पद्धत अनिवार्य नियमाची. तीत प्रत्येक सेवकास एक क्षेत्र नेमून दिलेले असते, प्रत्येक फाइलीवर ती कोणत्या कामाची हे सांगणारी चिठ्ठी असते, आणि कोणत्या क्षेत्राच्या सेवकाने कोणत्या चिठ्ठीच्या वस्तूस हात लावावा याचा नियमग्रंथ अगोदर लिहिलेला असतो. ग्रंथात जे नाही ते निषिद्ध. अशा क्षेत्रात बसविलेल्या सेवकास, तो रूटच्या नावाने आला तरी, हा निषेध ओलांडता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० सालच्या डिसेंबरात ‘एसई-लिनक्स’ या नावाने अशी एक व्यवस्था सर्वांस खुली केली आणि २००३ साली ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. २०१४ पासून अँड्रॉइडच्या फोनांतही ती पूर्णपणे लागू आहे. म्हणजे हा पहारेकरी वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात आज उभा आहे.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांस अंतर्गत गुण दाखविणारी एक सेवा अशाच संगणकावर चालते, आणि त्या समितीचा प्रमुख मी होतो. एका जून महिन्यात गुणांच्या नव्या फाइली सेवेच्या जागी ठेवल्या आणि सेवेने त्या दाखविण्याचे नाकारले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली होती. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथून पहाटेच्या बसने आलेली मुले खिडकीशी ताटकळत होती; त्यांतील एक मुलगी दुसऱ्यांदा भाडे भरून आली होती. बोलाविलेल्या तंत्रज्ञाने एका मिनिटात पहारेकऱ्यास ‘नोंद कर, पण अडवू नकोस’ अशा स्थितीत ठेवले. गुण दिसू लागले, मुले आनंदाने परतली, आणि मी कागदावर सही केली. परोपकार केल्याचे समाधान त्या दिवशी मला खरोखर वाटले.

ती तात्पुरती सवलत दोन वर्षे तशीच राहिली. दुसऱ्या एका जाणत्या गृहस्थाने ती उघडकीस आणली, तेव्हा मूळ अडचण किती क्षुल्लक होती हे कळले. लिपिकाने त्या फाइली स्वतःच्या खासगी कप्प्यात तयार करून तेथून हलविल्या होत्या. हलविलेली फाइल आपली जुनी चिठ्ठी बरोबर घेऊन येते; नक्कल केली असती तर तिने नव्या घराची चिठ्ठी धारण केली असती. सेवेने पाहिले की ही वस्तू कोणाच्या तरी खासगी कप्प्यातील आहे, आणि तिने हात आखडता घेतला. पहारेकऱ्याचा नकार बरोबर होता, चूक चिठ्ठीची होती. ती सुधारण्यास एक आज्ञा पुरेशी होती, आणि पहारा उठविण्यास लागला त्याहून अधिक वेळ तीस लागला नसता.

‘पण त्या दोन वर्षांत काही बिघडले का?’ असे मित्र विचारतात. बिघडल्याचे आढळले नाही, हे खरे. परंतु त्याच संगणकावर मुलांचे जातीचे दाखले होते आणि त्यांच्या आईबापांच्या बँक खात्यांचे क्रमांक होते. ज्यांची ही ठेव होती त्यांस न विचारता मी ती उघड्या दारात ठेवली. चोर आला नाही हे माझे सुदैव होय. ते माझ्या सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. मर्यादा ही अविश्वासाची खूण आहे, असे आपण मानतो. १९८८ साली नॉर्मन हार्डी या संगणकतज्ज्ञाने एक प्रसंग लिहिला आहे. एका सेवकास स्वतःच्या कामाची नोंद ठेवण्यासाठी एका दप्तरात लिहिण्याचा अधिकार होता. त्याच दप्तरात बिलांची फाइल होती. एका ग्राहकाने आपल्या कामाचा तपशील लिहिण्याची जागा म्हणून त्या फाइलीचे नाव सांगितले; सेवकाने निमूटपणे आज्ञा पाळली आणि बिले पुसली गेली. सेवक अप्रामाणिक नव्हता. त्याजवळ अधिकार एकाचा होता आणि आज्ञा दुसऱ्याची, एवढेच. तात्पर्य, सेवक बेइमान होईल या भीतीपेक्षा, त्याच्या इमानाचा दुसरा कोणी उपयोग करून घेईल ही भीती अधिक खरी आहे. मर्यादा त्या वेळी सेवकाचेच रक्षण करते.

बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून जंक्शन असलेल्या आमच्या गावास हे नवे वाटू नये. जुन्या केबिनीतील तरफा अशा एकमेकींत गुंतविलेल्या असत की सांधा नीट बसल्यावाचून सिग्नल पाडताच येत नसे. त्यामुळे आपला अपमान झाला असे कोणा केबिनवाल्यास वाटत नसावे. मध्यरात्री, डोळ्यांवर झोप असता, आपल्या एका चुकीने गाडीभर माणसे मरणार नाहीत, या खात्रीने तो उलट निश्चिंत होत असेल.

तथापि नियमाची बाजू घेताना एक अन्याय होऊ देता कामा नये. काम न जाणता लिहिलेला नियम जुलमी असतो, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मुलीस तात्त्विक उत्तर देऊन चालत नाही. म्हणून नवा नियम लावताना त्या एकाच सेवकास काही दिवस केवळ नोंदीच्या स्थितीत ठेवावे, त्यास खरोखर काय लागते ते पाहावे, तेवढेच लिहावे आणि मग पहारा पूर्ववत उभा करावा, हा मार्ग शास्त्रशुद्ध आहे. मात्र त्या दिवसांस शेवट ठरलेला असावा. जो कायदा अपराध फक्त लिहून ठेवतो आणि त्या लिखाणाकडे कोणी पाहत नाही, तो कायदा नव्हे, रोजनिशी होय.

दुसराही एक मोह आहे, आणि तो अधिक सभ्य दिसतो. नोंदलेल्या नकारांची यादी घेऊन त्यांतून आपोआप परवानग्या तयार करणारी साधने मिळतात. ती विचार करून वापरली तर उपयोगी. परंतु प्रत्येक नकार डोळे मिटून परवानगीत बदलला, तर पहारेकरी दारात उभा राहतो आणि दार मात्र उघडेच राहते. आपल्या संस्थांतून, घरांतून, किंबहुना आपल्या मनातही असेच होत नाही काय? सवयीने जे मागितले ते पुढे हक्काने मिळू लागते; ‘हे का हवे?’ एवढा एकच प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

साल्टझर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ सालच्या आपल्या निबंधात असे तत्त्व मांडले की प्रत्येकास त्याचे काम पार पाडण्यापुरतेच अधिकार असावेत. ते यंत्रांविषयी लिहीत होते. मला ते प्रथम त्या मालकास लागू वाटते, ज्याच्या हाती नियम मोडण्याची सोय आहे. त्या जून महिन्यात आमचा सेवक आपल्या मर्यादेत होता, पहारेकरीही आपल्या जागी होता. मर्यादा सोडली ती सही करणाऱ्याने. सेवकास किती किल्ल्या द्याव्यात हा प्रश्न आपण नेहमी विचारतो; आपल्या स्वतःच्या कमरेस किती असाव्यात, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.