धूर कोणाचा, फळ कोणाला

कर्मसिद्धान्त मानणाऱ्या भारतीय दर्शनांनी दोन दोष नेहमीच त्याज्य ठरवले आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याच्या वाट्याला न येताच ते कर्म विरून जाणे, ही कृतहानी. आणि जे कर्म कधी केलेच नाही त्याचे फळ माथी येणे, हा अकृताभ्यागम. स्थिर आत्मा नाकारून केवळ क्षणांचा प्रवाह मानला, तर आज चोरी करणारा एक आणि उद्या शिक्षा भोगणारा दुसराच ठरेल, असा आक्षेप नैयायिकांनी आणि जैन आचार्यांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर घेतला, तो याच दोन दोषांच्या आधारे. तो वाद जन्मांतरीच्या फळांविषयी होता. परंतु औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्याकडे पाहिले, तर हे दोन्ही दोष याच जन्मी आणि उघड्या डोळ्यांनी दिसतात. वीज विकणाऱ्याला पैसे मिळतात, वापरणाऱ्याला उजेड मिळतो, आणि त्या व्यवहारातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके टिकून, ज्याचा त्या उजेडाशी काहीही संबंध नाही अशा माणसाचा पावसाळा बिघडवण्यास हातभार लावतो. कर्ता मोकळा सुटतो आणि त्रयस्थ भोगतो. कार्बन कराची चर्चा सहसा अर्थशास्त्राच्या भाषेत होते, आणि ते योग्यही आहे. पण हा कर नेमका कोणता दोष दूर करतो आणि कोणता तसाच ठेवतो, हे ठरवायला जुनी परिभाषा अधिक उपयोगी पडते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील लासूर स्टेशन हे या विचारासाठी योग्य ठिकाण आहे. शिवना नदीकाठचे लासूर हे दाक्षायणी देवीचे जुने गाव. लासूर स्टेशन ही मात्र रेल्वेमुळे वसलेली आणि तिचेच नाव लावणारी बाजारपेठ. निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत आलेला हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि कोळशाच्या वाफेने चालणाऱ्या गाडीने कोरडवाहू मुलखातला माल दूरच्या पेठांशी जोडला. गंगापूर तालुक्यातल्या या भागाचे आजचे अस्तित्व कोळशाच्या उपकाराखाली आहे, हे मान्य केल्याशिवाय कोळशाविरुद्ध बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. योगायोग असा, की केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात परभारे होणाऱ्या नुकसानाचे जे उदाहरण दिले, तेही वाफेच्या इंजिनाचेच आहे. इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांलगतचे रान जळते, पण रानाच्या मालकाची भरपाई तिकिटाच्या दरात धरलेली नसते. व्यवहाराबाहेरच्या माणसावर पडणाऱ्या अशा बोजाला अर्थशास्त्र बाह्यपरिणाम म्हणते, आणि तो बोजा कराच्या रूपाने किमतीत आणावा, म्हणजे करणारा आपोआप हात आखडेल, हा पिगूप्रणीत कराचा सिद्धान्त होय.

ऊर्जा कर आणि कार्बन कर यांत भेद करणे येथे आवश्यक आहे. ऊर्जा कर विजेच्या युनिटवर बसतो, मग ती वीज कोळशाची असो की वाऱ्याची. महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकाच्या बिलात दिसणारे १६ टक्के विद्युत शुल्क या जातीचे आहे. कार्बन कर इंधनातून सुटणाऱ्या कार्बनवर बसतो, त्यामुळे तो वीज कमी वापरा एवढेच न सांगता वीज कशापासून बनवावी याविषयीही बोलतो. ब्रिटनने २०१३ पासून वीजनिर्मितीतील कार्बनला किमान किंमत लावली. तिथे पर्यायी इंधन म्हणून नैसर्गिक वायू हाताशी होता, आणि वायूच्या विजेतून कोळशाच्या तुलनेत साधारण निम्मा कार्बन सुटतो. कर वाढताच स्वस्त केंद्र आधी चालवण्याच्या क्रमात कोळसा वायूच्या मागे गेला. कराच्या जोडीला अन्य कारणेही होती, परंतु २०१२ मध्ये ब्रिटनच्या विजेत सुमारे ४० टक्के वाटा असणारा कोळसा ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे केंद्र बंद होऊन संपला. पिगूंच्या सिद्धान्ताला याहून सुबक दाखला मिळणे कठीण.

भारताचा दाखला तितका सुबक नाही, आणि म्हणूनच विचाराला अधिक खाद्य देतो. १ जुलै २०१० पासून केंद्र सरकारने दर टन कोळशावर ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एका युनिट विजेला ढोबळ मानाने ६५० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ४०० रुपयांचा हा उपकर युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास पडतो. ही रक्कम क्षुल्लक नव्हे. पण ती कोणी सोसली? वीजकेंद्र आणि वितरण कंपनी यांच्यातील दीर्घ मुदतीच्या खरेदी करारांत ‘कायद्यातील बदल’ या नावाचे कलम असते, त्यानुसार नव्या कराचा भार निर्मात्याला वसूल करून घेता येतो, आणि तो पुढे विजेच्या दरातून किंवा इंधन समायोजन आकारातून ग्राहकाच्या बिलात उतरतो. वायू दुर्मिळ आणि महाग असल्यामुळे कोळसा मागे सारील असे दुसरे इंधन नव्हते, आणि सौर-पवन विजेला आधीच ‘प्रथम घ्यावीच’ असा दर्जा होता. कर निर्मात्याच्या अंगाला न लागता पुढे निघून गेला. कृतहानीचा दोष दूर व्हायचा, तर फळ कर्त्यापर्यंत पोचावे लागते. नवे केंद्र कशावर उभारावे, या निर्णयावर उपकराने थोडाफार प्रभाव टाकला असेल. पण उभ्या केंद्रांना तो जवळजवळ स्पर्शलाच नाही.

दुसऱ्या दोषाची कथा याहून उदास आहे. या उपकरातून स्वच्छ ऊर्जेसाठी वेगळा राष्ट्रीय निधी उभारला गेला. परंतु २०१०-११ ते २०१७-१८ या काळात जमलेल्या सुमारे ८६ हजार कोटी रुपयांपैकी त्या निधीकडे ३० हजार कोटींहून थोडी कमी रक्कम गेली, आणि त्यातूनही प्रत्यक्ष खर्च सुमारे १६ हजार कोटींचा झाला. वस्तू व सेवा कर आल्यावर जुलै २०१७ पासून हाच ४०० रुपयांचा उपकर राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करण्यासाठी वळवण्यात आला. राज्यांना भरपाई देणे गैर नव्हते; पण धुराच्या नावाने घेतलेला पैसा धुराने पोळलेल्याकडे जाण्याऐवजी हिशेबाच्या वेगळ्याच वहीत गेला.

येथे धर्मशास्त्राचा एक अध्याय आठवतो. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रायश्चित्तांचे विस्तृत विवेचन आहे, आणि त्यात प्रत्याम्नाय नावाची एक सोय येते. प्रत्याम्नाय म्हणजे सांगितलेल्या कष्टाच्या जागी चालणारा पर्याय. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे व्रत: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस उपवास. ज्याला हे झेपत नाही त्याने दुभती गाय दान द्यावी. गाय नसेल तर तिचे मोल द्यावे. अशक्तांविषयीच्या करुणेतून निघालेली ही वाट सशक्तांनी किती लवकर गजबजवली असेल, याची कल्पना करता येते. युरोपात पापमुक्तीच्या पत्रांची विक्री चालली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी घेतलेला आक्षेपही याच जागी होता, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात कार्बन पतांच्या खरेदी-विक्रीविषयी दाखवलेला संशय त्याच कुळातला आहे. पैसे भरले की धूर सोडण्याचा हक्क मिळाला, असे जर मानले गेले, तर दंडाचे रूपांतर भाड्यात होते. शास्त्रकारांना हा धोका ठाऊक होता; जाणूनबुजून केलेल्या पापाला प्रायश्चित्त लागू पडते का, यावर स्मृतींमध्येच मतभेद आहेत, आणि पश्चात्ताप व पुन्हा न करण्याचा निश्चय यांवाचून नुसत्या विधीला फारसा अर्थ उरत नाही. कोळसा जाळणे हे तर अजाणता घडलेले कर्म नाही, आणि उद्या ते थांबेल असेही नाही.

तरीही कार्बन कराला प्रायश्चित्त समजून नाकारणे ही चूक ठरेल, कारण त्याचा दावा मुळात पाप धुण्याचा नसून हिशेब बरोबर लावण्याचा आहे. लासूरहून संभाजीनगरकडे निघाले की पोटूळच्या पुढे दौलताबाद लागते. तिथल्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांनी रात्रभर जागून हिशेबातली एका पैची चूक शोधली आणि आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा परंपरा सांगते. एक पै सापडल्याचा एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक सापडल्यावर किती होईल, असे स्वामी त्यावर म्हणाले असे सांगतात. कथेचे तात्पर्य नेहमी स्वामींच्या बोलण्यात शोधले जाते. पण पै शोधण्याची तळमळ नसती तर पुढचे बोलणे घडलेच नसते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. विजेच्या किमतीतून गळलेली पै शोधणे हे कार्बन कराचे काम आहे. ते अध्यात्म नव्हे, पण अध्यात्माला लागणारा प्रामाणिकपणा त्यात आहे.

या कसोटीवर २२ सप्टेंबर २०२५ चा बदल लक्षणीय ठरतो. त्या दिवसापासून टनामागचा ४०० रुपयांचा उपकर गेला आणि कोळशावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वीजनिर्मितीच्या कोळशावरचा एकूण बोजा त्यामुळे टनामागे सरासरी सुमारे २६० रुपयांनी घटला, आणि वीज स्वस्त होण्याच्या दृष्टीने ते स्वागतार्ह मानले गेले. पण कर वजनावरून किमतीवर गेला, हा फरक केवळ कारकुनी नाही. धूर किमतीतून निघत नाही, वजनातून निघतो. हलक्या प्रतीचा, राखेने भरलेला स्वस्त कोळसा आता कमी कर भरतो. नाव बदलत बदलत कार्बनची पै वहीतून पुन्हा निसटली.

राज्याच्या पातळीवर मात्र त्याच महिन्यात उलट दिशेचा एक निर्णय झाला. औद्योगिक, वाणिज्यिक आणि इतर काही ग्राहकांवरील वीज विक्री कर युनिटमागे सुमारे १० पैशांनी वाढवून तो पैसा सौर कृषिपंपांसाठी वापरण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हा कार्बन कर नव्हे, ऊर्जा कर आहे, आणि उद्योजकांची त्याविषयीची नाराजी समजण्यासारखी आहे. तरीही गंगापूर तालुक्यापुरते पाहिले तर त्यात एक दुर्मिळ गोष्ट घडते: वाळूजची औद्योगिक वसाहत आणि लासूर स्टेशनची शेती एकाच तालुक्यात येतात, त्यामुळे भरणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखू शकतील इतके जवळ आहेत. शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला पहिला, ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. ज्याला आठवडाआड रात्रीच्या थ्री फेजवर, बॅटरीच्या उजेडात, विंचूकाट्यातून बारे द्यावे लागते, त्याला दिवसाची वीज मिळणे ही केवळ कार्बनची बचत नाही; दुसऱ्याच्या सोयीसाठी ज्याची झोप खर्ची पडत होती, त्याचा तो परतावा आहे. अकृताभ्यागमाचा दोष दूर होतो तो येथे, कर घेण्याच्या नव्हे तर देण्याच्या टोकाला. संस्कृतात ‘कर’ या शब्दाचा अर्थ महसूल तसाच किरणही होतो, आणि सूर्य पाणी शोषतो ते हजारपटींनी परत देण्यासाठी, या उपमेने रघुवंशात राजाच्या करसंग्रहाचे समर्थन केले आहे. सौर पंपाच्या बाबतीत ही उपमा जवळजवळ शब्दशः खरी होते.

जवळजवळ, कारण सूर्य वर घेतो ते पाणी परत देतो आणि पंप वर घेतो ते देत नाही. एकदा पॅनल बसले की पाणी उपसण्याला पैसाही लागत नाही आणि धूरही होत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत असल्याने जाळ्यावरच्या शेतकऱ्यालाही युनिटचा हिशेब उरलेला नाही. मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, आणि ते थर बांधाच्या खुणा मानत नाहीत. ज्याला पंप आधी मिळाला, ज्याचे बोअर अधिक खोल आहे, त्याच्या दिवसभराच्या उपशाने खालच्या अंगाच्या विहिरीचा तळ उघडा पडतो, आणि त्या विहिरीच्या मालकाने कोणाचेही पाणी घेतलेले नसते. हवेतून हटवलेले कृतहानी आणि अकृताभ्यागम हे दोन्ही दोष जमिनीखाली पुन्हा भेटतात, आणि तिथल्या पाण्याला लावायचा कर कोणत्या मापाने मोजावा, टनाने, युनिटने की हाताने, हा प्रश्न अजून उरतोच.