जतन आणि प्रयोजन

एखाद्या वास्तूचे मूळ प्रयोजन लोपल्यानंतर ती राखणे म्हणजे नेमके काय राखणे, हा प्रश्न वरवर पुरातत्त्वाचा वाटला तरी मुळात तो नैतिक आहे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, थेम्स नदीजवळ असलेल्या इंगलशम येथील मुख्यतः तेराव्या शतकातील चर्चच्या आधारे तो तपासता येतो. मध्ययुगीन गाव केव्हाच विरले; १९८० मध्ये हे चर्च वापराबाहेर गेलेल्या चर्चवास्तू सांभाळणाऱ्या न्यासाकडे सोपवण्यात आले. वास्तू राहिली, नित्य उपासना थांबली.

तत्पूर्वी १८८८-८९ मध्ये विल्यम मॉरिसच्या पाठबळाने तिची दुरुस्ती झाली होती. जुनी चर्चे खरवडून त्यांना कल्पित मध्ययुगीन रूप देण्याच्या प्रथेविरुद्ध त्याने १८७७ मध्ये संस्था स्थापन केली होती. धर्मोपदेशक होण्याचा विचार तरुणपणीच सोडून दिलेल्या मॉरिसने जुनी चर्चे जपावीत आणि श्रद्धावंतांनी ती खरवडावीत, ही विसंगती केवळ वरवरची आहे. श्रद्धावंताला वास्तू हे उपासनेचे साधन असते. ती बदलण्याचा अधिकार त्याला त्या प्रयोजनातूनच मिळतो. श्रद्धेबाहेरच्या रक्षकाला असा अधिकार नसतो. म्हणून तो हात आवरतो.

इंगलशमच्या भिंतींवर तेराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील चित्रांचे आणि धर्मवचनांचे थर एकमेकांवर चढलेले आहेत. धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडमधील चर्चांत चित्रांवर चुना फासला गेला आणि पुढे तेथे वचने लिहिली गेली. चुना फासणारा चित्राचा शत्रू होता हे खरे. परंतु चित्र पाहणाऱ्याकडे काही मागते, हे त्याने मान्य केले होते. आजचा रक्षक सर्व थर समभावाने राखतो, कारण त्यांपैकी कोणाशीही त्याचे भांडण नाही. या समभावात आदर किती आणि उदासीनता किती? सर्व पाठभेद निष्ठेने नोंदवणाऱ्या, पण संहितेच्या आवाहनाला उत्तर न देणाऱ्या संपादकालाही हा प्रश्न टाळता येत नाही.

तरीही एक थर खरवडला असता, तर त्या भांडणाचा पुरावाच नष्ट झाला असता. उत्तर देण्याचा अधिकार नसलेल्याने प्रश्न शाबूत ठेवावा, एवढे नैतिक बळ जतनात निश्चित आहे. मात्र ते तेथेच संपत नाही. भिंतीला ‘सुंदर’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी, तिच्यावर कोण कोणाला काय बजावत होते आणि कोणी ते का पुसले, हे समजून घेण्याचे ऋण वारसदारावर उरतेच.